घर नसलेलं दार

रात्रीचे अकरा. मिरजेत, दवाखान्यामागच्या इमारतीत
पेशींच्या दाट सायीवर
पिपेटच्या टोकानं मी ओरखडा काढते.
मधोमध, शक्यतो सरळ.
आता चोवीस तास बघायचं,
दोन्ही काठांवरून किती जणी पलीकडं जातात.

जातातच त्या.
आत्याच्या गाठीतल्याही गेल्या होत्या,
शस्त्रक्रियेची तारीख मिळायच्या कितीतरी आधी.
डॉक्टर म्हणाले, सगळं निघालं.
निघालंच होतं.
दीड वर्षानं मणक्यात पोचलं.

आत्या आर.एम.एस.ला होती, जंक्शनवर.
सत्तावीस वर्षं रात्रपाळीत पत्रं खणांत टाकली,
बेळगाव, कुर्डुवाडी, हुबळी, लोंढा,
न बघता, नुसत्या मनगटानं.
मणक्याची फिल्म ट्यूबलाइटपुढं धरून म्हणाली,
"पिनकोड बरोब्बर घातलाय गं मेल्यांनी."

पेशी आपणहून उठत नाही.
तिला निरोप येतो.
एक इवलंसं प्रोटीन येऊन दाराची कडी वाजवतं
आणि ती शेजारणींचे धरलेले हात सोडते,
पायाखालची जमीन कुरतडत
रक्ताच्या वाटेला लागते.

आम्ही करतोय ते एवढंच:
दार. नुसतं दार.
चौकट तीच, कडी तीच, मागं घर नाही.
अशी कोट्यवधी दारं रक्तात सोडायची.
निरोप्यानं खऱ्या उंबऱ्याला पोचायच्या आत
यांतल्या एखाद्याची कडी धरावी
आणि तिथंच खोळंबून राहावं.
मारायचं कुणालाच नाही.

हे बोलायला सोपं.
पहिल्या दाराची घडीच चुकली,
नळीच्या तळाशी नासक्या दुधासारखं साकळलं.
दुसऱ्यानं निरोप्याला धरलं, लगेच सोडलंही,
लग्नात ओळख नसलेल्या माणसाचा हात सोडावा तसं.
मग जुलैमध्ये तीन दिवस वीज नव्हती,
फ्रीझरमधलं सगळं गेलं, त्याबद्दल मी लिहिणार नाही.
पुढचं एक चांगलं होतं.
उंदराच्या रक्तात वीस मिनिटं टिकलं.

गल्लीच्या तोंडाशी दस्तगीरभाई जवारी काढत बसतात.
घोडीवर कानस एकदा, हलकी.
तार छेडायची. मान तिरकी. परत कानस.
केसाएवढं जास्त गेलं की आवाज मेला,
भोपळा कितीही चांगला असो.
"म्याडम, घासायला काय, कोण पण शिकतंय.
थांबायला धा वर्षं लागतात."
मी चहा तसाच ठेवून परत वर आले.
आम्ही एका वेळी पाच जागा बदलत होतो.
त्या रात्री एकच बदलली,
एकाहत्तरावं अमिनो आम्ल.
बाकी सगळ्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा अकरा.
औषध नसलेल्या खणांत ओरखडा बुजलाय,
जणू कधी नव्हताच.
तिसऱ्या खणात
तो उघडा आहे.
काठावर पेशी उभ्या, जिवंत, नीट,
बोलावणं न आल्यासारख्या.
मी तायाप्पाला हाक मारली. त्यानं पाहिलं, चष्मा पुसला,
परत पाहिलं, आणि म्हणाला, "डबा खाऊन घ्या आधी."

प्लॅस्टिकच्या ताटलीतला ओरखडा म्हणजे आत्या नव्हे.
तिथून उंदीर, उंदरापासून माणूस,
मधे वर्षं, आणि पैसे, आणि बहुतेकदा नकार.
वहीत लिहिते: खण तीन. पुन्हा करून पाहणे.

आत्याला न पोचलेल्या पत्रांचं फार लागायचं.
अपुरा पत्ता डोक्यात घेऊन घरी यायची,
भाकरी मोडता मोडता मधेच थांबायची,
"नुसतं 'पाटलाच्या मळ्यात' लिहिलंय. कवलापूरचा असेल का गं?"
आणि मी, तिची भाची,
निरोप पोचू नये म्हणून जागते.
हे तिला सांगायचं राहिलं.
हसली असती.
मग म्हणाली असती,
ज्यानं पाठवलं त्याला तरी कळवा.